थॉमस हॉब्लीच्या नावावरचा डाग

मी, सेल्मा आयरीन हॉब्ली, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, लॉन्ड्रीत एकेचाळीस वर्षे इस्त्री करून निवृत्त, राहणार टूवूम्बा, क्वीन्सलँड, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. डॉक्टरांना शंका आहे ती माझ्या हृदयाची, डोक्याची नव्हे. तरी घाई आहे. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

एक. राहते घर भाचा रॉल्फ यास द्यावे. परसातले लिंबाचे झाड तोडून तिथे गाडी लावायचा त्याच्या बायकोचा बेत मला ठाऊक आहे. निदान एक हंगाम थांबावे.

दोन. आईच्या माहेरचे, म्हणजे पोल्नर घराण्याचे जर्मन बायबल आमच्या चर्चला द्यावे. सायलेशियातल्या त्या विणकरांचे जन्ममृत्यू त्यात लिहिलेले आहेत. पहिल्या महायुद्धात इथे जर्मन म्हटले की संशय येई, म्हणून आईने ते पिठाच्या डब्यात लपवले होते. पानांतले पीठ झटकू नये.

तीन. हे कलम मालमत्तेचे नाही, पण कोणीही गाळू नये. ते राहून जाईल या भीतीने मला अन्न गोड लागत नाही.

माझे आजोबा थॉमस हॉब्ली इंग्लंडात खिळे घडवत. १८६३ साली ते इथे मेंढ्या राखायला आले. त्यांच्या इंग्लंडातल्या गावच्या चर्चच्या नोंदीत मला थॉमसचा बाप्तिस्मा सापडला, १८३६ चा. पुढच्याच वर्षी त्याच मुलाचे दफन. १९७४ च्या कुटुंबमेळाव्यात मी वंशावळ वाटली आणि सर्वांसमोर सांगितले, "आजोबांनी मेलेल्या मुलाचं नाव लावून जहाज गाठलं. खरे कोण होते, देव जाणे!" लोक हसले. मलाही बरे वाटले, हे कबूल करते.

पर्सीकाका, आजोबांचा धाकटा मुलगा, तेव्हा अठ्ठ्याऐंशीचा होता. केकची बशी खाली ठेवून म्हणाला, "माझा बाप खोटं बोलायचा नाही गं, पोरी."

"काका, कागद बोलतोय," मी म्हटले.

त्याने घरी जाऊन बापाचा फोटो भिंतीवरून उतरवला. त्याच हिवाळ्यात तो गेला. त्याची मुलगी व्हर्ना मला दफनाच्या वेळी म्हणाली, "मेलेल्यांची एवढी काळजी, आणि जिवंत माणसाला खाल्लंस की गं!" ती दोन गल्ल्या सोडून राहते. तेरा वर्षांत माझ्या दारात आलेली नाही.

गेल्या महिन्यात इंग्लंडहून तिथल्या चर्चच्या कारकुनाचे पत्र आले. त्याच आईबापांना १८३८ साली आणखी एक मुलगा झाला, तोही थॉमस. गेलेल्या लेकराचे नाव पुढच्याला देत, एवढेच. आमच्याच दफनभूमीत एर्नेस्टिना पोल्नर नावाच्या दोन सख्ख्या बहिणी शेजारी शेजारी आहेत. तिथले गवत मी जन्मभर उपटले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

वंशावळ गेलेल्या त्रेसष्ट घरी रॉल्फने ही दुरुस्ती पाठवावी. पर्सीकाकाच्या थडग्यापाशी मोठ्याने वाचावी. त्याला शेवटी ऐकू कमी येई.

चार. व्हर्नास काहीही देत नाही. हा राग नव्हे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे, आणि साक्षीला मला तीच हवी आहे. तीन पत्रे धाडली. उत्तर नाही. आज तीनची वेळ दिली होती. आता साडेतीन झाले. शेजारी नेव्हिल क्राउच दुसरा चहा संपवून घड्याळाकडे बघत आहेत. ती न आल्यास त्यांची पत्नी सही करील.

सहीपूर्वी हाताने जोडलेला मजकूर: व्हर्ना आली. कलम तीन उभ्यानेच दोनदा वाचले.

"हे बाबांच्या तोंडावर म्हणायला हवं होतंस."

"हो."

"मग आता मला कशाला बोलावलंस?"

"मला भीती वाटते, व्हर्ना. हे न सांगताच मरेन म्हणून."

तिने पेन मागितले. माफीबद्दल ती काही बोलली नाही. मीही विचारले नाही.

टूवूम्बा, गुरुवार, १३ ऑगस्ट १९८७

सही: सेल्मा आयरीन हॉब्ली

आम्हा दोघांच्या देखत तिने सही केली:

१. नेव्हिल क्राउच, निवृत्त पोस्टमन

२. व्हर्ना एल्सी हॉब्ली, पर्सी हॉब्ली यांची मुलगी, थॉमस हॉब्ली यांची नात. सही करताना पाहिली. बाकीचं मी अजून ठरवलेलं नाही.