डोहातले मासे

२ एप्रिल

डोहात मासे मेलेत. पांढरी पोटं वर करून सगळे काठाला लागलेले. ओढा आटत आटत आता डबक्यांवर आलाय, त्यातला हा सगळ्यात मोठा डोह. वरच्या अंगाला फळबाग, खालच्या अंगाला वस्तीची विहीर. बागेतलं औषध जंगलात कुठवर झिरपतं, हेच मोजायला मी इथे येऊन राहिलेय – त्यामुळे सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

दुकानदार सगळ्यांदेखत म्हणाला, "बागेत औषध कोण मारतं ते बाईंना आपण कशाला सांगायचं?"

खरंच आहे. माझा सख्खा भाऊ मारतो.

३ एप्रिल

विहीर बंद करायला मीच सांगितलं. निकाल येईपर्यंत कोणी थेंबभर पाणी तोंडात घालायचं नाही. आता बायका डोंगरावरच्या झऱ्यावर जातात. वहिनीही जाते, पण तिच्या पुढच्या-मागच्या दोघी तिच्याशी बोलत नाहीत. मी उतरताना बघितलं. तिने मान वर केली नाही.

दादाकडे गेले. उंबऱ्यावर बसून बूट पुसत होता.

"मागच्या आठवड्यात फवारलंस?"

"मालकांनी सांगितलं होतं."

"मी काय विचारतेय आणि तू काय सांगतोयस?"

"तू तुझं पाणी तपास." एवढंच बोलला आणि दुसरा बूट घेतला.

आई आतून ऐकत होती. दारापर्यंत मागे आली. "दोघं एकाच पोटची ना गं? तपासायला दुसरं कोणी मिळत नाही का?"

ते मलाही पटलं. संध्याकाळी शहरातल्या प्रयोगशाळेत आमच्या सरांना फोन केला. म्हटलं, बाटल्यांवर फक्त आकडे टाकून पाठवते, कुठला नमुना कुठला ते तपासणाऱ्याला कळता कामा नये. सर म्हणाले, "बरं झालं तूच म्हणालीस. मी कसं बोलावं याच विचारात होतो."

४ एप्रिल

नमुने शहराकडे गेले. मी डोहात उतरून दगड उलटले. खाली पाणकिडे – जिवंत! शेपट्या हलवत पळाले. बागेतलं औषध किड्यांसाठीच असतं. ते पाण्यात उतरलं तर आधी किडे मरतात, मासे मागाहून. इथे उलटंच.

आनंद झाला. लगेच त्या आनंदाचीच भीती वाटली. हे डोळे शास्त्रज्ञाचे की बहिणीचे? आणखी तीन ठिकाणी दगड उलटले. तिथेही किडे होतेच. तरी कोणाला काही सांगितलं नाही.

६ एप्रिल

निकाल नाही. फोनपाशी बसूनच दिवस गेला, जेवणही राहिलं.

७ एप्रिल

काल नुसती बसून राहिले, आज मासे कशाने मेले असतील ते शोधायला निघाले. डोहाच्या जरा वर एक जाडजूड रानवेल झाडांवर चढलीय. यंदा ती फळांनी लगडलीय. माकडं वर बसून फळं अर्धी खातात, अर्धी खाली फेकतात. खाली पाण्यात कुजक्या फळांचा खच! एक हातात चुरडलं तर साबणासारखा फेस आला.

हा फेस माशांचे कल्ले बाद करतो. दरवर्षीही फळं पडत असणारच, पण वाहतं पाणी त्यांना घेऊन जातं. यंदा पाणी जागच्या जागी साचलं.

मुक्कामी येऊन दोन बरण्या मांडल्या. दोन्हींत वरच्या डबक्यातलं पाणी, तिथलेच छोटे मासे. एकीत फळाचा गर. चहा करून येईपर्यंत त्या बरणीतले मासे आडवे झाले होते. दुसरीतले मजेत. थोडी फळंही तपासायला सरांकडे पाठवली. मेलेले मासे बघून मी इतकी खूश कधी झाले नव्हते. देवा, क्षमा कर.

१० एप्रिल

निकाल आला. सरांनी स्वतः फोन केला. "डोहात फळाचंच विष. विहिरीत तेही नाही. आणि बागेतल्या औषधाचा कुठेच मागमूस नाही. एरवी थोडंफार सापडतंच की तुला, या मोसमात?"

सापडतं. यंदा नाही. का, ते नंतर बघू. मी फोन ठेवला आणि जमिनीवरच बसले.

विहिरीपाशी सगळ्यांना बोलावून सांगितलं. नुसतं सांगून कोण ऐकणार, म्हणून आधी स्वतः तांब्याभर प्यायले. दुकानदार म्हणाला, "म्हणजे माकडांनी केलं म्हणा." लोक हसले. मग तो आपणहून दादाच्या घराकडे गेला. काय बोलला ठाऊक नाही, पण वहिनी आज विहिरीवर बायकांच्या घोळक्यात उभी होती आणि सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता.

आईने माझी दृष्ट काढावी तशी गालांवरून बोटं फिरवली.

११ एप्रिल

पोटभर जेवले. दुपारी आडवी झाले ती थेट दिवेलागणीलाच उठले. जांभया संपत नाहीत.

१४ एप्रिल

दादा आला. नोकरी गेली म्हणाला. मालकांनी आज कोठार उघडलं, तर औषधाची सगळी पिंपं सीलबंद. यंदा त्याने एकही फोडलं नव्हतं. रोज पंपात नुसतं पाणी भरून बागभर फिरायचा. "ओढ्यात धार नव्हती गं. पडलं असतं ते तिथेच राहिलं असतं. आता फळ धरलंय, फवारायची वेळ टळली."

"अरे, मग लोक तोंडावर बोलत होते तेव्हा तरी सांगायचंस! मला तरी!"

"सांगितलं असतं तर मालकांनी दुसऱ्याच दिवशी पंप दुसऱ्याच्या पाठीवर दिला असता."