डाव्या कानाच्या वर

३ नोव्हेंबर, रविवार
फणी टेकवली अन् डोळ्यांत पाणी आलं. केस ओढले गेले नाहीत— नुसते दात कातडीला लागले. डावीकडे, कानाच्या वर. आरशात पाहिलं. ना फोड, ना सूज. वेणी न घालताच विहारात गेले. वंदनेला वाकले तर ठणका उठला. कोणाला काय सांगायचं? केस दुखतात म्हणून?

७ नोव्हेंबर
डावी कूस बंद. उशीसुद्धा टोचते.
इथल्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, रक्त तपासलं. सगळं ठीक. "टेन्शन घेऊन राह्यल्या मॅडम तुम्ही. वयही झालं आता." शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, आर्णीत अजून सगळ्यांची मॅडमच आहे मी. गोळ्या घेतल्या. फरक नाही.

१२ नोव्हेंबर
राजदीपला बढती. बँकेनं पुण्याला टाकलं, महिनाअखेर हजर व्हायचं. सुनेचा, वैष्णवीचा चेहरा केवढा खुलला! राजदीप म्हणाला, "आई, तूबी चाल." म्हटलं, मी आर्णी सोडत नाही. त्याचं तोंड उतरलं.

१५ नोव्हेंबर
भाकरी चावताना जबडा भरून येतो. दोन घास, थांबायचं, मग पुढचा. दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. दात चांगले आहेत म्हणे.
अंगात कणकण. ब्लाउज ढिले झाले.

१८ नोव्हेंबर
ऐकायला नको होतं. गच्चीवर कपडे वाळत घालत होते, खालून आवाज आला. राजदीप वैष्णवीला म्हणत होता, "बदलीचं नाव काढलं अन् आईचं डोकं दुखणं वाढलं. तुले नाही वाटत तसं?"
वैष्णवी म्हणाली, "बदलीच्या आधीपासून दुखून राह्यलं त्यांचं. असं नका बोलू."
"मंग एकही रिपोर्ट खराब काहून येत नाही?"
ओला टॉवेल हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. राग आला— पण त्याहून जास्त भीती वाटली. खरंच मीच तर करत नसेन हे? मन असं फसवतं का माणसाला? पोटदुखीचं सोंग करणारी पोरं मी वर्गाच्या दारातून ओळखायची. स्वतःचं काही ओळखू येत नाही.

२१ नोव्हेंबर
केस कापून टाकले. मानेपर्यंत. धुवायचे तरी कसे, पाण्याची धारही सोसत नाही.
वैष्णवीनं कापले. कापता कापता थांबली. "आई, मले दाखवा, नेमकं कुठं दुखते?" बोट लावलं अन् मी ओरडलेच. ती वाकून पाहत राहिली. "इथं शीर वर आली ना. दोरीवानी लागून राह्यली हाताले."
मग तीच म्हणाली, "यवतमाळले जाऊ. उद्याच."
म्हटलं, तुमचं सामान जाऊ दे. मग पाहू.
तिनं केस झाडून गोळा केले. मी तिकडे पाहिलं नाही.

२३ नोव्हेंबर
दूध ओतत होते. डाव्या डोळ्यावर पडदा आला. दुकानाचं शटर ओढावं तसा, वरून खाली. ओट्याला धरून उभी राहिले. थोड्या वेळानं उघडला.
सांगितलं नाही. परवा ट्रक येतो आहे. सांगितलं तर राजदीप म्हणेल— आता डोळ्याचंही निघालं.

२६ नोव्हेंबर
यवतमाळ. दवाखाना. ओळी वरखाली होतात, होऊ देत.
रविवारी सकाळी पडदा पडला तो उठलाच नाही. तरी चहा केला. वैष्णवीपुढे कप ठेवला तो टेबलाच्या बाहेर. फुटला. तिनं काचा नाही पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं. "आई, उजवा डोळा झाका बरं." झाकला. "माह्यी बोटं दिसतात?"
खोटं बोलता आलं नाही.
राजदीपनं गाडी काढली.
इथल्या डॉक्टरबाईंनी कानाच्या वर दोन बोटं फिरवली. विचारलं, "चावताना जबडा दुखतो का?" हो म्हटलं. त्यांनी नर्सला हाक मारली, इंजेक्शन सांगितलं, मगच आमच्याशी बोलल्या. डोक्याच्या रक्तवाहिनीला सूज आहे. त्यानं डाव्या डोळ्याचा रक्तपुरवठा तुटला. "डावा परत येईल असं मी सांगत नाही. उजवा वाचवायचा आहे."
राजदीपनं विचारलं, "आठ दिवस आधी आणलं असतं तर?"
"तर कदाचित दोन्ही राहिले असते."
तो उठून बाहेर गेला.

२७ नोव्हेंबर
डोकं दुखत नाही. काहीच दुखत नाही! डाव्या कुशीवर झोपले. पोळी सलग खाल्ली. म्हणजे सोंग नव्हतं ते. एवढं कळायला एक डोळा गेला.
राजदीप पायाशी बसला होता. म्हणाला, "आई, मले वाटलं तू—"
म्हटलं, "मलाही तेच वाटलं होतं रे."
मग तो रडला. लहानपणी रडायचा तसाच, आवाज न करता.

४ डिसेंबर
घरी. डावा गेलाच. उजवा शाबूत. जिना उतरताना पायरी फसवते, दाराची चौकट खांद्याला लागते. राजदीपनं बँकेकडून मुदत वाढवून घेतली आहे. वैष्णवी पुण्याचं नावही काढत नाही. मीच काढीन, जरा बरं वाटलं की.

८ डिसेंबर
मारेगावहून थोरल्या बहिणीचा फोन, प्रभावतीताईचा. तब्येत विचारायला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती म्हणाली, "शीला, मलेबी असंच होऊन राह्यलं. डोक्याले हात लावू देत नाही. म्हटलं, पोराले कायले तरास द्यायचा."
विचारलं, डोळ्याचं काय?
"काल जरासा अंधार आल्ता. गेला तो."
तिच्या मुलाला, धम्मरत्नला, लगेच फोन लावला. म्हटलं, आहे त्या कपड्यांवर तिला यवतमाळला आण. आम्हीही निघालो.