दार कुठे निघेल

सोमवार, ३

दुपारी साडेबाराला ताईच्या घरी पोचलो. प्रवास छान झाला, खिडकीची जागा मिळाली. ताई गेल्यानंतर तिचं घर आवरायला पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. निघताना बायको म्हणाली, तुम्ही आवरणार म्हणजे एका ढिगाचे तीन ढीग होणार. बघू.

ताईच्या टेबलात एक कोरी डायरी मिळाली. लॅबमध्ये नोंदी ठेवायची सवय आहे, म्हणून रोजचं काम इथे लिहीन.

घर चौथ्या मजल्यावर, लहान पण उजेडाचं. आधी हॉल, मग बोळ. बोळात डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे अडगळीची खोली, टोकाला झोपायची खोली आणि तिला लागून न्हाणीघर. ताई एकतीस वर्षं एका आर्किटेक्टकडे नकाशे काढत होती. कपाटातले टॉवेलसुद्धा पट्टी लावून ठेवल्यासारखे आहेत. एकटीनं राहून तिनं घर छान ठेवलं होतं. आत आल्यावर मला बरं वाटलं, याचं नवल वाटलं.

समोर राहणारे निवृत्त मास्तर चहा घेऊन आले. म्हणाले, तुमच्या ताई रोज परग्रहावर जाऊन यायच्या, पण सोसायटीच्या मीटिंगला चार जिने उतरायला त्यांना व्हायचं नाही. आम्ही दोघंही हसलो. तिच्या खेळाबद्दल बोलत होते. झोपायच्या खोलीत मोठा कॉम्प्युटर आहे. निवृत्तीनंतर ती त्यावर अंतराळयानं बांधायची. मी कधी नीट विचारलं नाही.

मंगळवार, ४

पुस्तकं बांधून झाली. दुपारी कॉम्प्युटर लावला. पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनलाच चिकटवला होता.

यान करड्या रंगाचं, नाकाशी पिवळा पट्टा. ते डब्याला डबा जोडून बांधायचं असतं. मी आत शिरलो आणि थांबलो. आधी हॉल, मग बोळ, डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे सामानाची कोठी, टोकाला झोपायची खोली. तिनं हेच घर बांधलं होतं. ओट्यावरचा निळा कपसुद्धा तिथेच.

उडवायला शिकलो. एका गोठलेल्या तळ्यावर उतरलो. उतरताना यानाचे पाय थरथरले. बर्फावरून तासभर चाललो. इतकी शांत जागा मी पाहिली नव्हती.

खेळातला तिचा एक मित्र बोलायला आला. नाव बोल्ट, ट्रक दुरुस्त करतो. कॅप्टन, दोन आठवडे कुठे गायब झाला होतात, असं त्यानं लिहिलं. ताई गेल्याचं मी सांगितलं.  मग म्हणाला, दादा, याच्या एकाही डब्याला हात लावू नका. डबे आपण निवडायचे, पण दारं कुठे निघतील ते यान ठरवतं. एक डबा हलवला की सगळी दारं बदलतात आणि आतलं सुटं सामान कोठीत जाऊन पडतं. घरासारखी दारं निघावीत म्हणून कॅप्टननं आठ महिने घासले होते. एकदा सेव्ह केलं की मागे जाता येत नाही.

बुधवार, ५

आज यान बाहेरून पाहिलं. शेपटीला, झोपायच्या खोलीच्या मागे, एक लहान डबा आहे. त्याच्या गोल खिडकीत उजेड आहे. आतून तिकडे जायला दार नाही.

बोल्टला विचारलं. तो म्हणाला, कॅप्टनच्या यानाला शेपटीचा डबा कधीच नव्हता. त्यानं जोडणीची यादी उघडायला सांगितली. डबा जोडल्याचा दिवस दोन आठवड्यांपूर्वीचा सोमवार, दुपार.

ताई त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी पडली असं डॉक्टर म्हणाले होते. मंगळवारी मास्तरांनी दार फोडून घेतलं, तोवर ती गेली होती.

हे लिहून टाकतो. त्या रविवारी तिनं मला दोनदा फोन केला होता. घरी पाहुणे होते. संध्याकाळी करू म्हटलं, आणि संध्याकाळी विसरलो. बायकोला हे माहीत नाही. आज मास्तरही जिन्यात मान खाली घालून म्हणाले, सोमवारी ठोकल्याचा आवाज येत होता हो, मला वाटलं कुणाकडे सुतारकाम चाललंय.

हेडफोन लावून यानातल्या झोपायच्या खोलीत उभा राहिलो. मागच्या भिंतीतून आवाज येतो. तीन ठोके, मग थांबून तीन. मी माऊसनं भिंतीवर दोनदा टिचकी मारली. पलीकडून दोन आले.

गुरुवार, ६

बोल्टचं ऐकायला हवं होतं. पण ती पलीकडे ठोकते आहे आणि मी इकडे टॉवेल मोजत बसायचं, हे जमेना. कोठीचा डबा एक जागा पुढे सरकवला, म्हणजे शेपटीकडे दार निघेल. सेव्ह केलं. दार निघालं ते हॉलच्या छताला. खाली शिडी. शेपटी बंदच.

पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघर रिकामं होतं. भांडी, कप, डबे, गाळणी, सगळं अडगळीच्या खोलीत ढिगानं पडलेलं. निळा कप वर, फुटलेला नाही. नव्या कुलपाची दुसरी किल्ली फक्त मास्तरांकडे असते, ते असं करायचे नाहीत. मीच बांधाबांधीत केलं असेल. तसं आठवत नाही.

शुक्रवार, ७

पुन्हा डबा हलवला. यानात स्वयंपाकघराचं दार गेलं. बोळात येऊन पाहिलं तर घरातलंही गेलं होतं. तिथे भिंत आहे. जुना रंग, एक खिळा, खिळ्याला कॅलेंडर.

मास्तरांनी त्यांचा सुतार पाठवला. चौकट बुजली आहे का पाहा, एवढंच त्याला सांगितलं. त्यानं भिंत वाजवून पाहिली, हात फिरवला. म्हणाला, साहेब, दार हरवल्याची तक्रार पहिल्यांदाच ऐकतोय, माणसं किल्ल्या हरवतात. मग गंभीर झाला. म्हणाला, इथे कधी चौकट नव्हतीच, चौकटीची खूण जात नसते. मी म्हटलं, मग स्वयंपाकघरात जायचं कुठून? त्यानं विचारलं, कुठलं स्वयंपाकघर?

रस्त्यावर जाऊन वर पाहिलं. चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघराची खिडकी आहे. आत दिवा लागलेला आहे.

तेव्हाच निघून जायला हवं होतं. वर आलो. आता ठोके ऐकायला हेडफोन लागत नाही. पलंगामागच्या भिंतीतून येतात. त्या भिंतीपलीकडे काही नाही. चार मजल्यांची उघडी हवा आहे.

शनिवार, ८

दिवसभरात पाच वेळा डबे बदलले. दरवेळी यान नवी दारं काढतं. तिच्याकडे एकही नाही. ठोके हळू झालेत. तीनऐवजी दोन. मधला वेळ लांबतो.

बायकोला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, अहो, झोपलात का नीट? जेवलात? ताई गेल्या हो. मग म्हणाली, उद्या चारला पोचणाऱ्या गाडीनं येते, तोवर त्या मशीनला हात लावलात तर बघा. मी रडलो हे तिला कळू दिलं नाही.

बोल्ट म्हणतो, सरकवून होणार नाही. एक मोठा डबा काढूनच टाकावा लागेल. हलकं झालं की यान शेपटीला दार देतं. त्यानं विचारलं, आत कुणी नाही ना? डब्यात कुणी असताना तो काढला तर त्या माणसाला यान कुठेही नेऊन ठेवतं.

रविवार, ९
सकाळी

ठोका एकच. दहा मिनिटांनी पुन्हा एक. मी भिंतीला तोंड लावून सांगितलं, ताई, आलोच. या वेळी उशीर करणार नाही.

हॉलचा डबा काढतो. हॉलमध्ये कुणी नाही. बायको चारला येईल, तोवर ताईला बाहेर काढून पुन्हा जोडेन.

११.४०

काढला. सेव्ह केलं.

११.४२

फोनवर बायकोचा मेसेज. अकरा सदतीसचा. सकाळचीच गाडी मिळाली, राहवेना. मास्तरांकडच्या किल्लीनं आत आलेय, हॉलमध्ये बसलेय, बोळाचं दार सापडत नाही. तुम्ही कुठे आहात?

११.५०

हॉल नाही. बोळही नाही. खोलीचं दार होतं तिथे भिंत. तिला फोन लावला. रिंग ऐकू येते. बाहेरून. उघड्या हवेच्या बाजूनं.

मास्तरांना लावला. म्हणाले, समोर कुणी राहत नाही हो, समोर भिंत आहे. आपण कोण बोलताय?

बोल्ट उत्तर देत नाही.

दुपार

यान बाहेरून पाहिलं. शेपटीला आता दोन डबे. शेजारी शेजारी, दार एकालाही नाही. दोन्ही खिडक्यांत उजेड.

हॉल परत जोडून पाहिला. लागत नाही. जागा नाही म्हणतं.

माझ्या खिडकीबाहेर काळं आहे. घड्याळात एक वाजलाय. दुपारचा एक.

नंतर

दोन्हीकडून ठोकतात. तीन, थांबून तीन. एक जोरात. एक अगदी हळू. हळू कोण — ताई दमली असेल. की बायकोचा श्वास — तिला दम लागतो, बंद जागेत लगेच —

हाका मारल्या. दोघींना नावानं. दोन्हीकडचं ठोकणं थांबलं. मग दोन्हीकडून सारखंच.

यादीतले बाकीचे डबे गेलेत, काढण्यासारखा एकच उरलाय. ज्यात मी बसलोय तो. काढला तर दार निघेल, असं दाखवतंय. एकच दार. कुठल्या डब्याला ते सेव्ह केल्यावर —

हळूवालं थांबलं.

थांबलं. जोरात ठोकणारी अजून —

मी दाबतोय. कुणी तरी बाहेर — दोघींपैकी कुणीही, ताई, तू असलीस तर तिला आधी —