न दाखवलेलं रीळ

५ मार्च, गुरुवार

पेपर उघडला आणि चहा अंगावर सांडला. आमचा दूधगाडीचा पिक्चर पुन्हा लागतोय! पन्नास वर्षांनी! रविवारी दुपारी एकच खेळ, धुऊनपुसून चकाचक केलेली प्रत. खाली प्रश्न – 'हा चित्रपट आजही टिकतो का?' अहो, बघा आणि ठरवा की!

दोन मित्र आणि एक मुलगी. नोकऱ्यांना लाथ मारून जुन्या दूधगाडीतून निघतात. ना घर, ना घड्याळ. मी तेव्हा थिएटरात मोठ्या ऑपरेटरांच्या हाताखाली होतो. मशीनच्या खोलीत नुसती भट्टी. पण भिंतीतल्या चौकोनी भोकातून तो रस्ता दिसला की घाम विसरायला व्हायचं. काय दिवस होते!

६ मार्च

धाकट्या बहिणीला फोन केला. धाकटी येतेय! "दादा, कडेची खुर्ची घे हं. माझा गुडघा दुमडत नाही."

फोन ठेवला आणि ते शेवटचं रीळ आठवलं.

७ मार्च

लिहूनच टाकतो. इथे कोण वाचतंय?

पिक्चरचे डबे आले त्या सकाळी रिकाम्या थिएटरात मी रिळं तपासत होतो. शेवटचं लावलं आणि बघतच राहिलो. मशीनवर कान ठेवायचा, पडद्यावर डोळे नाही – मोठे ऑपरेटर हजारदा सांगायचे. मी पडद्यात गुंतलो. फिल्म नीट बसली नव्हती. कडेची भोकं टराटरा फाटत गेली, पार शेवटपर्यंत. नोकरी जाणार, नक्की. डबा कपाटामागे सरकवला. "रिळं एवढीच आली," म्हणालो. मोठे ऑपरेटर कुठला पिक्चर बघतायत! परत पाठवताना डबा गुपचूप बाकीच्यांत ठेवून दिला.

सहा आठवडे सगळ्या गावाने शेवटाविना पिक्चर बघितला. गाडी वळणावर दिसेनाशी होते, रस्ता रिकामा, संपलं. लोक टाळ्या वाजवायचे! धाकटी पाच वेळा आली. एकोणीस वर्षांची. सातव्या आठवड्यात घर सोडून गेली. चिठ्ठीत एकच ओळ – 'मीपण वळणापलीकडे जाते.'

पलीकडे काय होतं ते मला एकट्याला ठाऊक. मुलगी थकते. बूथवरून घरी फोन लावते. बाप म्हणतो, "ये." ती परत येते. बस, एवढंच.

धाकटीने ते बघितलं असतं तर तीही परतली असती. आई बारा वर्षं वाट बघून गेली. धाकटी भेटली ती बाबाही गेल्यावर, केस पिकवून. हे माझं पाप. पन्नास वर्षं जीव खातंय. उद्या तिच्या शेजारी बसून तो शेवट कसा बघू?

८ मार्च, रविवार, संध्याकाळी

टिकतो का? खरं सांगू? अर्धाच. ते दोघे भाषणं ठोकतात ती संपता संपत नाहीत. आम्हाला पाठ होती ती! मी चक्क जांभई दिली. बरोबर आलेली नात कानाशी – "आजोबा, दोघं स्वातंत्र्य स्वातंत्र्य करतायत आणि भांडी कोण घासतंय? तीच ना!" पन्नास वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. धाकटी खुदकन हसली. म्हणाली, "मीपण घासली गं. तीन वर्षं, चार गिटारवाल्यांची."

पण रस्ता! रस्ता मात्र अजून तस्साच. तो लागला आणि मी बावीस वर्षांचा झालो. डोळे पुसले. लाज कसली त्यात?

मग शेवटचं रीळ. मी पडद्याकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघत होतो. बूथ आल्यावर तिने माझं मनगट घट्ट धरलं. दिवे लागेपर्यंत सोडलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर बसून सगळं सांगितलं. फाटलेलं रीळ, लपवलेला डबा, सगळं. वाटलं, आता बोल बोल बोलेल. "चल, भूक लागलीय," एवढंच म्हणाली.

९ मार्च

धाकटीला बसमध्ये बसवून आलो. खिडकीतून म्हणाली, "दादा, तुझ्या रिळाचा काही दोष नाही. मीपण बूथवरून फोन केला होता. तिसऱ्याच महिन्यात. बाबांनी उचलला. मी 'बाबा' म्हटलं. ते म्हणाले, राँग नंबर."