बोर्डावरचा अनुस्वार

१२ डिसेंबर, गुरुवार
गौतमीनं मला शेवटच्या रांगेत पाठवलं! बावीसला दौंडमध्ये कविता-पाठांतराची स्पर्धा. नात माझी, कविता मी शिकवलेली, आणि मीच मागं. "आबा, मी म्हणायला लागले की तुमचे पण ओठ हालतात. मागच्या वर्षी पोरं हसली."
खरं आहे. पाचवीत गुरुजींनी बाकावर ताल धरून शिकवलेली नदीची कविता ती — ओठ थांबवायचे कसे?
पण म्हणतानाचा तिचा एक फोटो हवाच. नुसता चेहरा. शेवटच्या रांगेतून म्हणजे लांबची लेन्स आली. स्टुडिओ बंद केल्यापासून माझी ७०-२०० लेन्स ट्रंकेत पडून आहे.

१४ डिसेंबर
लेन्सच्या काचेला बुरशी लागलेली नाही. गच्चीवरून समोरच्या शाळेचा बोर्ड टिपला — 'मुलींची शाळा'. फोटोत अनुस्वारच नाही, वेलांटीत विरघळलेला. 'मुलीची शाळा'! एकाच मुलीसाठी एवढी इमारत, एवढी घंटा. दिवसभर तेच मनात घोळत होतं.

१५ डिसेंबर
इनुस आला. शिरूरमधली निम्मी लग्नं आम्ही दोघांनी मिळून टिपलेली. त्याच्याकडे ह्याच लेन्सची दुसरी आवृत्ती आहे; पाठ्यपुस्तकांसारख्या लेन्सच्याही सुधारित आवृत्त्या निघतात. हात हलला तरी चित्र धरून ठेवते. अनुस्वार आला, पण कडेचा 'ळा' जरा मऊ, पुसटसा. मी माझ्या लेन्सला नावं ठेवली, तर म्हणतो, "लेन्स चांगली हाय. हात हालतोय तुझा. कठड्यावर ठेव की!" ठेवली. माझ्याच लेन्सनं अनुस्वार मसुरीच्या दाण्यासारखा टच्च, 'ळा'सुद्धा. फक्त फोकसला घर्र घर्र करत मागं-पुढं फिरते. तेवढ्यात कडवं संपायचं.

१८ डिसेंबर
इनुसच्या लेकीनं, नाझियानं, तिची तिसरी आवृत्ती दिली. वजनाला हलकी, आवाज नाही, बोट टेकायच्या आत फोकस. अनुस्वार सोडाच, बोर्डावरचं कोळ्याचं जाळं दिसलं. "मामा, आता हाताला नाव ठिवायचं न्हाई." इनुस फुगला — "आन् माझी काय भंगारात घालू?"

२१ डिसेंबर
आरशासमोर ओठ मिटून कविता म्हटली. दुसऱ्या कडव्यात हरलो.

२२ डिसेंबर, रविवार
शेवटची रांग, शेजारी इनुस. तिसऱ्या आवृत्तीतून गौतमीच्या पापण्या मोजता येत होत्या. पहिल्या कडव्यातच बटण दाबायचं, पण बघतच राहिलो. दुसऱ्या कडव्यावर ती थांबली. तिची नजर रांगेमागून रांग ओलांडत आली ती थेट लेन्समध्ये. असा चेहरा तीस वर्षांत मला मिळाला नव्हता. बोट बटणावर होतं.
कॅमेरा खाली घेतला. ओठ हलवले, मुद्दाम.
पुढचं सगळं तिनं झोकात म्हटलं. तिसरी आली. येताना एसटीत इनुस म्हणाला, "लेन्सा तीन, फोटो शून्य. चांगला धंदा हाय तुझा."

२३ डिसेंबर
सकाळी गौतमीला विचारलं, ओळ कशी विसरलीस?
"विसरले न्हाई आबा. तुमचं तोंड दिसंना कॅमेऱ्यामागं, म्हणून थांबले."