आढं अजून अंगणातच

प्रिय आई,

तुझ्या मेरसीचा पलीकडच्या बेटावरून नमस्कार. मी बरी आहे. कपाळाला टाके पडलेत, पण जखम भरत आलीय. कुणीतरी दगड मशिदीवर भिरकावला होता, मी मध्ये आले इतकंच. तुझे गुडघे कसे आहेत?

हे मुसलमानांचं गाव आपलं भावंड, असं तूच सांगायचीस. त्यांच्या मशिदीच्या छपराचं आढं आपल्या कर्त्या पुरुषांनी चढवायचं, आपल्या चर्चचं त्यांच्या पुरुषांनी, ही रीत. दोन्ही गावांच्या आम्ही पोरांनी भिंती उभ्या केल्या, वासे तासले. पण बाजारात दोन गावांची मारामारी झाली, त्यानंतर बाबा आणि बाकीचे होडीत बसलेच नाहीत.

मी म्हातार्‍या इमामांना म्हटलं, "आजोबा, आम्हीच चढवतो की."

ते खेकसले, "तुझा बाप जिवंत आहे ना? मग त्याचं काम तू कशाला करतेस?"

अंगात ताप असताना छप्पर नसलेल्या मशिदीत, पावसात नमाज पढत राहिले. परवा गेले. जनाज्याची नमाजही भिजतच झाली.

आढं अंगणात पडून आहे, कुणी हात लावत नाही.

बाबांना एवढं सांग. आजोबा रोज विचारायचे, "पोरी, तुझ्या बापाची होडी दिसते का गं?" मी रोज म्हणायचे, "निघालेत."

तुझी,
मेरसी