सोनालीच्या पायाचं माप

प्रिय दादा,

तुझे बूट घालायला आज मी तुझ्या सोनालीला बंदी केली. पोलीस भरतीचं मैदान वीस दिवसांवर आलंय आणि वयाची अट पाहता पोरीची ही शेवटची संधी. घरातल्या थोरल्याला न विचारता मी आजवर काही ठरवलं नाही, म्हणून हे पत्र. उत्तराची अपेक्षा नाही. हयातीत तरी तू कुठे पत्रांना उत्तरं देत होतास?

तेराव्याला तुझी छत्री आणि चपला दान केल्या. बूटही जायचे होते, पण ते हिनं गव्हाच्या कोठीत दडवले. वहिनींना सापडले तेव्हा त्यांत ओंजळभर गहू होता. मग रोज पहाटे कालव्याच्या रस्त्यानं ती तेच घालून पळू लागली. तुझा पाय आठ नंबरचा, तिचा आम्ही धरून चाललो होतो पाच. मध्ये दोन जोड मोजे, पुढे कापूस.

"सोने, हे बूट आहेत की होड्या?"

"काका, बाबा म्हनायचे, जोडा आधी चावतो, मग बसतो."

का शिकवलंस हे तिला? आपले आबा नव्या वहाणांना एरंडेल चोळायचे, कातडं मऊ पडायचं, हे ठीक. पण तिच्यासाठी आणलेले पळायचे नवे बूट तू दिवसभर एरंडेलात मुरवलेस, लोणचं घालावं तसे. तिसऱ्या दिवशी तळ सुटून हातात आला आणि भांडण मात्र दुकानदाराशी! मी काही बोललो नाही. संस्कृतात बुटाला उपानह म्हणतात एवढंच मला ठाऊक. त्याच्या जोरावर तुझ्याशी वाद कोण घालणार?

याची खंत आहे. कारण सोनाली लंगडू लागली तेव्हाही मी आठ दिवस गप्पच होतो. शेवटी डॉक्टरकडे नेलं. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलेली, नडगीला हात लावू देईना. "हाडाला भेग नाही अजून," डॉक्टर म्हणाले, "पण असंच पळाल तर पडेल. पाच दिवस आराम, आणि आधी बूट बदला."

तरी ही अडून बसली. "हे काढले तर बाबांना काय वाटंल?"

"नव्याची साईझ विचारतील. जिवंतपणी कधी विचारली नाही, आता विचारतील."

ती हसली, मग रडली. मीही बराच वेळ चष्मा पुसत बसलो.

राहात्याला बुटांच्या दुकानात मुद्दाम संध्याकाळी गेलो. दिवसभराच्या वावरानं पाय थोडा फुगतो, तेच खरं माप, असं दुकानातल्या ताईंनी फोनवर बजावलं होतं. त्यांनी ओल्या पायाचा ठसा फरशीवर घेतला. बराचसा तळवा उमटला. "कमान जरा बसकी हाय, आतून आधार लागंल. आन् उजवा मोठा हाय, त्याचंच माप धरायचं." अंगठ्यापुढे बोटभर जागा, टाच मात्र हलता कामा नये. सोनालीचा जीव एका गुलाबी जोड्यावर. तो चवड्याला आवळत होता.

"बसंल हळूहळू," ती म्हणाली. अगदी तुझा सूर.

"पोरी, बूट दुकानातच बसला पाहिजे. न्हाई बसला तर तो तुझा न्हाई," ताई म्हणाल्या.

अखेर करड्या रंगाचा, दिसायला माझ्यासारखाच नीरस जोडा निघाला, सहा नंबरचा. इतकी वर्षं तिला पायाचा नंबरही आपण चुकीचा सांगितला, दादा. दुकानासमोर दोन फेऱ्या मारून ती आली. "काका, बोटं मोकळी हायेत."

तुझे बूट तिनं स्वतः शेजारच्या मळ्यातल्या बाळूभाऊंना दिले. आधी त्यांचा पाय मोजून.

पाच दिवसांनी ती पुन्हा पळेल, सुरुवातीला हळू. पहाटे पाचला घड्याळ घेऊन कालव्याच्या पुलावर मी उभा असेन. ब्राह्ममुहूर्ताची थोरवी मी जन्मभर वर्गात शिकवली, आता एकदा पाळून बघतो. मैदानावर आठशे मीटर तुझ्यासाठी पळू नकोस, वर्दीसाठी पळ, असं तिला सांगून ठेवलंय. रागावणार असशील तर माझ्यावर रागाव. पण तिचं पाऊल जरा जरी वाकडं पडलं, तर त्याच क्षणी मी तिला थांबवीन आणि विचारीन, कुठं दुखतंय. तुझ्या लेकीच्या बाबतीत मी यापुढे गप्प बसणार नाही, हा शब्द.

तुझा धाकटा,
दिनकर